बॅटरी खाली मार

सध्या मी वाट बघतोय. बाकी सगळं नेहमीसारखंच चालू आहे, ऑफिस आहे, हप्ते जातायत, रविवारी सकाळी टाकी भरली का बघायला गच्चीवर जातोय, पण आत कुठेतरी मी वाट बघतोय, आणि ज्याची वाट बघतोय ती वस्तू माझ्या मधल्या बोटापेक्षा फार मोठी नाही.

झालं असं की महिन्याभरापूर्वी चीनमधल्या शेन्झेनच्या, टॉर्च बनवणाऱ्या एका कंपनीने एक फोटो टाकला. सगळा काळोख, त्यात अर्धवट उजळलेली एक नळी, आणि खाली "लवकरच". बास, एवढंच. त्या रात्री साडेबाराला नाशिकच्या मित्राचा मेसेज, तोच फोटो झूम करून त्यावर लाल गोल काढलेला, "बेझलच्या आत बघ, रिफ्लेक्टर नाहीये, टीआयआर लेन्स आहे, म्हणजे फ्लड असणार." म्हणजे त्याच्या मते पुढच्या गोल कडेच्या आत चकचकीत वाटी नाही, जाड भिंग आहे, त्यामुळे उजेड लांब न जाता पसरट पडणार. मी म्हणलं झोप आता. आणि मग मीच दीड वाजेपर्यंत फोनचा ब्राइटनेस वाढवून तो फोटो बघत बसलो, कारण मला क्लिप दोन्हीकडे वळलेली आहे का ते बघायचं होतं. दोन्हीकडे वळलेली क्लिप असली की टोपीच्या कडेला बॅटरी अडकवता येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आता मी आयुष्यात किती वेळा टोपीच्या कडेला बॅटरी अडकवलीय? तीनदा. त्यातली एकदा तर घरातच, आरशासमोर.

इथे थांबून एक सांगतो. मी टॉर्चबद्दल बोलतोय, पण आमच्याकडे टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. "बॅटरी घेऊन जा", "बॅटरी मार जरा", "बॅटरी कुठे ठेवली मेल्यांनी". विजेरी हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात बघितलाय, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि बॅटरीच्या आत जे असतं ते सेल. त्यामुळे या छंदात पडल्यावर माझी भाषेची फार पंचाईत झाली, कारण बाकीची दुनिया ज्याला बॅटरी म्हणते तो आमचा सेल, आणि आमची बॅटरी म्हणजे त्यांचा लाइट. नाशिकवाल्याशी बोलताना "बॅटरीची बॅटरी संपली" असं वाक्य आम्ही दोघं अगदी गंभीरपणे बोलतो.

तर या छंदाला ईडीसी म्हणतात, एव्हरी डे कॅरी, म्हणजे रोज खिशात जे जे असतं ते. किल्ल्या, पेन, छोटा चाकू, रुमाल आणि बॅटरी. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की मोबाइलमध्ये टॉर्च असताना हे कशाला. बरोबर आहे. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० च्या डोक्यावर तो बारका दिवा होता तेव्हापासून भारतात निम्म्या लोकांचं काम फोनवर भागतंय. मी पण वाद घालत नाही हल्ली. फक्त एवढंच म्हणतो की फोन तोंडात धरून फ्यूज बदलून बघा एकदा.

आत्ता ज्याची वाट बघतोय ती एका १४५०० सेलवर चालणारी असणार आहे. हा आकडा ऐकून लोक दचकतात पण त्यात काही नाही, १४ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमीटर लांबी, म्हणजे आपला पेन्सिल सेलच, फक्त लिथियमचा. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट लांबीचा तो १८६५०, एकवीस-सत्तरचा तो २१७००. सेलवर त्याचं मापच लिहिलेलं, चपलेच्या नंबरासारखं. फरक व्होल्टेजचा, साधा पेन्सिल सेल दीड व्होल्ट आणि हा ३.७, पूर्ण चार्ज केला की ४.२. आईने एकदा माझ्या ड्रॉवरमधला असा एक सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ गेलं. "नवीन सेल घातला आणि बंद पडलं" असं ती आल्यागेल्याला आश्चर्याने सांगत होती आणि मी गप्प बसून होतो, कारण मला माहीत होतं की दोष ना तिचा ना घड्याळाचा.

आमची अपेक्षा काय आहे सांगतो. लिथियम नसेल तर साध्या पेन्सिल सेलवरही चालावी, कारण गावातल्या दुकानात तोच मिळतो. रंग चांगला असावा, त्याबद्दल पुढे सांगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदम मंद लागावी, एका ल्युमेनच्याही खाली (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), ज्याला मूनलाइट मोड म्हणतात. वर किती जाते याच्याशी मला आता घेणंदेणं नाही. हे मी आत्ता म्हणतोय. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी फक्त वरचाच आकडा विचारला असता.

ल्युमेनचं वेड काय असतं ते मी अनुभवलंय. एकोणीसशे ऐंशी-नव्वदच्या काळात अमेरिकेत श्युअरफायरची ६पी नावाची बॅटरी होती, दोन आखूड लिथियम सेल, आत साधा फिलामेंटचा बल्ब, आणि ६५ ल्युमेन. पासष्ट! त्यावर लोक जीव टाकायचे. त्याच्या आधी १९७९ ची मॅगलाइट, ती तर हातात घेतली तर लोखंडी पहारच वाटायची, आणि १९८४ साली तिचीच पेन्सिल सेलवाली मिनी आवृत्ती आली, खिशात बसणारी, म्हणजे आपल्या सगळ्यांची आजीच म्हणा. आणि आज बोटाएवढी वस्तू हजार ल्युमेनच्या वर जाते. वर जाते, पण टिकत नाही. एवढ्याशा अॅल्युमिनियममध्ये एवढी उष्णता कुठे मुरणार? अर्ध्या-एक मिनिटात हात चटका खातो, मग आतलं सर्किट स्वतःच प्रकाश खाली आणतं, याला स्टेपडाउन म्हणतात, आणि माझ्याकडच्या बोटभर बॅटऱ्या शेवटी दीडशे-दोनशेवर येऊन स्थिरावतात. म्हणजे खोक्यावर छापलेला आकडा हा लग्नातला फोटो आणि हे रोजचं घर.

तो आकडा खोटा असतो असं पण नाही हां. एफएल१ नावाचं एक अमेरिकन स्टँडर्ड आहे, २००९ पासूनचं, ते म्हणतं की बॅटरी लावल्यापासून अर्धं मिनिट ते दोन मिनिटं या वेळात ल्युमेन मोजायचे, आणि "इतके तास चालते" हे कधीपर्यंत, तर प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. त्यामुळे हजार ल्युमेन, तीन तास असं लिहिलेलं असतं तेव्हा हजार हे पहिल्या दोन मिनिटांचे आणि तीन तास हे कशाचे ते देवाला माहीत. मात्र त्याच स्टँडर्डमधली एक गोष्ट मला जाम आवडते. बॅटरीचा झोत किती लांब जातो हे कसं ठरवायचं, तर जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंत. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं टिपूर चांदणं. म्हणजे एवढे इंजिनिअर बसले आणि शेवटी त्यांनी ठरवलं की चांदण्याइतका उजेड आहे तोवर दिसतंय असं धरायचं. हे मी आजोबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग चांदण्यात बॅटरी लावायचीच कशाला.

आजोबांची बॅटरी दोन सेलची होती. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव, वाडीत वीज होती पण वीज असणं आणि दिवे लागणं यांचा कोकणात फारसा संबंध नसायचा. पत्र्याची नळी, वरचं निकेल उडून पितळ दिसायला लागलेलं, बाजूला सरकतं बटण आणि त्याच्या पुढे दाबायचं लाल बटण. सेल संपत आले की आजोबा ते काढून खळ्यात उन्हात ठेवायचे, दोन दिवस अजून चालायचे. सगळे सेल संपले की मी आणि चुलतभाऊ ते दगडाने फोडून आतली काळी कांडी काढायचो आणि तिने भिंतीवर लिहायचो आणि मग मार खायचो.

पण आजोबा ते सरकतं बटण कधीच वापरायचे नाहीत. फक्त लाल बटण दाबायचे, सोडायचे. पाखाडी उतरताना दाबलं, दोन पायऱ्या दिसल्या, सोडलं, अंधारात त्या दोन पायऱ्या उतरले, परत दाबलं. चक्-अंधार-चक्-अंधार. मला वाटायचं कंजूषपणा आहे. बऱ्याच वर्षांनी वाचलं की फ्लॅशलाइट हे नावच मुळी यातून आलंय. डेव्हिड मिसेल म्हणून एक इंग्रज होता, त्याला अमेरिकेत १० जानेवारी १८९९ ला पेटंट मिळालं, कागदाच्या नळीत एकामागे एक तीन सेल, पुढे बल्ब आणि पितळी परावर्तक. कंपनी कॉनराड ह्यूबर्टची, रशियातून न्यूयॉर्कला गेलेला माणूस, तीच कंपनी पुढे एव्हर रेडी झाली, ज्यांचे लाल सेल आपल्या प्रत्येकाच्या घरात होते. तर त्या काळचे सेल आणि बल्ब इतके कच्चे होते की सलग लावून ठेवलं तर जीव टाकायचे, म्हणून लोक क्षणभर दाबायचे आणि सोडायचे. फ्लॅश. म्हणून फ्लॅशलाइट. आजोबा शंभर वर्षांनी राजापुरात ती बॅटरी तिच्या मूळ पद्धतीने वापरत होते, त्यांना बिचाऱ्यांना मिसेल माहीत असायचं कारण नाही.

दुसरं एक त्यांचं वाक्य होतं, ते घरातल्या सगळ्या पोरांनी हजारदा ऐकलंय. "बॅटरी खाली मार रे." माणसाच्या तोंडावर मारायची नाही, झाडावर मारायची नाही, पक्षी उठतात, लांब मारून "तिकडे काय आहे" बघायचं नाही. पायाशी मारायची. हात सोडलेला, गुडघ्याजवळ, आणि झोत जमिनीला घासून पुढे जाणारा. मला हे अगदी म्हातारपणाचं वाटायचं. मी शहरातून आलेला, माझी बॅटरी छातीसमोर, पोलिसांसारखी.

एका वर्षी गणपतीत गावाला गेलो होतो. नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती, रस्त्यावरून मी एक हेडटॉर्च घेतला होता, कपाळावर बांधायचा, पांढराशुभ्र निळसर उजेड, खोक्यावर काहीतरी प्रचंड आकडा. रात्री आरतीवरून परत येताना मी पुढे, आजोबा मागे, त्यांच्या हातात तीच दोन सेलवाली, मलूल पिवळी. पाऊस थांबलेला, पागोळ्या अजून गळत होत्या. पाखाडी संपून जांभ्याच्या खडीचा भाग सुरू होतो तिथे मागून माझा शर्ट ओढला. "थांब." थांबलो. मला काही दिसेना. माझ्या कपाळावरून सगळी जमीन लख्ख दिसत होती, प्रत्येक खडा दिसत होता, आणि काहीच नव्हतं. आजोबा वाकले, बॅटरी जवळजवळ जमिनीला टेकवली आणि आडवी मारली. माझ्या पायापासून हातभर अंतरावर एका खड्याची सावली हलली. फुरसं होतं. तळहातावर मावेल एवढं वेटोळं, जांभ्याच्याच रंगाचं, अंग अंगावर घासत करवतीसारखा खर्रखर्र आवाज करत होतं, आणि तो आवाजही मला दिसल्यावरच ऐकू आला.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर हा सगळा छंद त्या रात्री सुरू झाला. एवढ्या उजेडात मला का दिसलं नाही?

पहिलं उत्तर सापडलं ते रंगाचं. पांढरा एलईडी हा खरं तर पांढरा नसतोच. आतली चिप निळी, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं वाटतं. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९३ साली झगझगीत निळा एलईडी केला, १९९६ ला त्याचाच पांढरा बाजारात आला, आणि २०१४ ला अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना फिजिक्सचं नोबेल. पण स्वस्त पांढऱ्यात लाल जवळजवळ नसतं. रंग किती खरे दिसतात ते मोजायला सीआरआय नावाचा आकडा आहे, शंभरपैकी, साध्या फिलामेंटच्या बल्बला जवळजवळ पूर्ण शंभर मिळतात आणि स्वस्त एलईडीला सत्तर. आणि गंमत म्हणजे या आकड्यात आठ फिकट रंगांची सरासरी असते, त्यात गडद लाल धरतच नाहीत, त्याचा आर९ असा वेगळा आकडा असतो जो कंपन्या सहसा छापत नाहीत, कारण तो सत्तरवाल्यांचा शून्याच्याही खाली जातो. म्हणजे आजोबांची मलूल बॅटरी शंभर मार्कांची होती आणि माझी हेडटॉर्च लाल रंगात नापास. जांभा लाल, फुरसं तांबूस, निळ्या उजेडात दोन्ही राखाडी.

हे कळल्यावर मी जो सुटलो! निचियाचा २१९बी एलईडी, मग ५१९ए, कुठला चांगला, ४५०० केल्विन घ्यावा की ३५०० (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी हे वाचायचो. एलईडीच्या वर सिलिकॉनचा एक बारका घुमट असतो, तो उडवला की ५१९ए चा उजेड जरा पिवळसर-गुलाबी होतो, ज्याला हौशी लोक "रोझी" म्हणतात आणि ज्यासाठी वेडे होतात. मी पण उडवला. पहिल्यांदा नीट जमला, दुसऱ्यांदा पात्याने घुमटाबरोबर आतलं पण उडालं आणि अडीच हजारांची बॅटरी पेपरवेट झाली. रंग चांगला की वाईट हे कळायला आपला हात बघायचा. बॅटरी घेतली की आम्ही सगळे पहिल्यांदा तेच करतो, भिंतीवर मारून झाली की आपल्या तळहातावर मारतो. वाईट एलईडीत हात आजाऱ्याचा दिसतो, चांगल्यात बोटांची पेरं लालसर दिसतात, कातडीखालची शीर दिसते, जिवंत दिसतो.

मग उजेडावरचं वेड गरम व्हायला लागलं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. एका हॉटरॉड प्रकारच्या, म्हणजे आकाराच्या मानाने अफाट उजेड देणाऱ्या बॅटरीचं बटण जरा लागलं तरी ती पेटायची, चार वेळा दाबून तिला कुलूप घालायचं असतं, ते मी विसरलो, आणि आत्येबहिणीच्या साखरपुड्यात ऐन अंगठ्या घालताना माझ्या नव्या झब्ब्याच्या खिशातून उजेड यायला लागला. आधी उजेड, मग वास. ती उपसून मी पितळी ताम्हनात टाकली, गुरुजींनी एक मिनिट ताम्हनाकडे बघितलं आणि मंत्र चालू ठेवले. मांडीवर रुपयाएवढा डाग अजून आहे. चूक माझीच होती. पण त्यानंतर मी खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचं जरा कमी केलं.

फुरश्याचं दुसरं उत्तर मात्र बरंच उशिरा सापडलं, आणि ते असं सापडेल असं वाटलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात गावाला गेलो तेव्हा संध्याकाळी कशेळीचा हत्ती बघायला गेलो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलीयत, त्यातलंच हे एक, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सपाट जांभ्यात कोरलेला एवढा मोठा हत्ती की जवळ उभं राहिलं तर हत्ती आहे हेच कळत नाही, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. आम्ही पोचेपर्यंत अंधार पडला. बरोबर पुतण्या होता, म्हणाला काका तुमच्याकडे बॅटऱ्या असतात ना. असतात! मी त्यातल्या त्यात दांडगी काढली, सरळ वरून मारली, सगळा सडा दिवसासारखा. आणि हत्ती गायब. नुसता लाल-काळा कातळ, वाळलेलं गवत. पुतण्या म्हणाला, "कुठेय?"

मग मी खिशातली लहान काढली, खाली बसलो, कातळाला टेकवली आणि अगदी मंद लावली. आणि एक एक रेघ उठायला लागली. जरा हात फिरवला की सावली फिरायची आणि दुसरी रेघ उठायची, एक पाय, मग शेपूट, मग एक मासा, मग काहीतरी जे आम्हा दोघांना ओळखू आलं नाही. आम्ही दोघं तासभर गुडघ्यावर रांगत होतो. मोठीने जे दिसलं नाही ते हिने दिसलं, कारण उजेड कमी होता आणि खालून होता.

तेव्हा कळलं. डोळ्याजवळून उजेड मारला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, डोळ्याला दिसतच नाहीत, म्हणून कपाळावरच्या हेडटॉर्चमध्ये जमीन सपाट दिसते, फोटोसारखी. गुडघ्याजवळून मारला की प्रत्येक खड्याला सावली येते. सीआरआय, आर९, रोझी, घुमट, हे सगळं खरं आहे, त्याने फरक पडतो, मी ते काही सोडणार नाही. पण त्या रात्री आजोबांना फुरसं दिसलं ते त्यांच्या हाताच्या उंचीमुळे. एवढं साधं होतं आणि ते मला लहानपणापासून सांगत होते, आणि मी त्यासाठी जवळजवळ पाऊण लाखाच्या बॅटऱ्या घेतल्या. हा आकडा घरी सांगू नका.

नाशिकवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग आता नवीन घेणार नाहीस?" कसं नाही घेणार. खाली टेकवून मारायला लहानच लागते ना. मोठी टेकवली की तिचं डोकंच चार बोटं वर येतं.

घेणं पण आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. आधी आम्ही रात्री बसून थेट चीनमधून मागवायचो, महिनाभर वाट बघायची, पिवळ्या फुग्यांच्या पाकिटात येऊन पडायची. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने अलीएक्स्प्रेससकट ४३ अॅप बंद केली आणि तो रस्ता संपला. बंद करण्यामागची कारणं मोठी होती, सीमेवर काय चाललं होतं ते सगळ्यांना माहितीये, त्यापुढे माझ्या बॅटरीचं काय, पण सवय तुटायला वेळ लागला खरा. आता काही इथल्या साइटवर मिळतात, महाग आणि मोजक्या, आणि बाकी सगळा भार माझ्या सिंगापूरच्या मावसभावावर. तो वर्षातून एकदा दिवाळीला येतो. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, केबिनच्या बॅगेतच न्यावे लागतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सिक्युरिटीला त्याला बॅग उघडून दाखवावी लागते की बाबांनो हे सेल आहेत, ही बॅटरी आहे, ही पण बॅटरी आहे, आणि ही पण. गेल्या वर्षी त्याला विचारलं म्हणे, एवढ्या कशाला? तो म्हणाला, माझ्या भावाच्या गावाला लाइट जातात. जातात की.

त्यामुळे या वाट बघण्याला आता तारीख आहे. कंपनीने "लवकरच" म्हणून सोडून दिलंय, मावसभावाचं तिकीट दिवाळीच्या आधीच्या शनिवारचं आहे, त्याच्या आधी ती बाजारात आली पाहिजे, त्याच्या पत्त्यावर पोचली पाहिजे. नाहीतर अजून एक वर्ष. नाशिकवाला रोज सकाळी बघतो. परवा त्याला रंगांची यादी मिळाली, काळी, वाळूच्या रंगाची आणि एक हिरवी, आणि आमचं हिरवीवर भांडण झालं. न बघितलेल्या वस्तूच्या रंगावर चाळिशी उलटलेली दोन माणसं पंचवीस मिनिटं भांडतात, मुलगी बाजूला बसून ऐकत होती, तिने फक्त हेडफोन घातले.

मधे वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुण्यातच. पाच रात्री मी वॉर्डात खाली सतरंजी टाकून झोपायचो. सहा कॉट, मधे हिरवे पडदे, रात्री मोठे दिवे बंद. वडिलांना दोन वाजता तहान लागायची. फोनचा टॉर्च लावला तर शेजारचे काका "अरे बंद कर" म्हणून ओरडायचे, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. मी खिशातली मूनलाइटवर लावायचो, मुठीत धरायचो, बोटांच्या फटीतून जेवढा पडेल तेवढ्यात फुलपात्र, झाकण, सलाइनची नळी, वडिलांचा ओठ. एवढ्या रात्रींत तिचा सेल बदलावा लागला नाही. शेवटच्या रात्री मात्र माझ्याऐवजी आई थांबली, मी तिला बॅटरी देऊन घरी गेलो, आणि ती बॅटरी नंतर मला परत मिळाली नाही.

आता ते दोघं गावाला आहेत. आईला त्या बॅटरीचं बाकीचं काही येत नाही, टर्बो, म्हणजे सगळ्यात झगझगीत उजेड, वगैरे तिला मी सांगितलंच नाही, ताम्हन आठवून. बटण दाबून धरलं की मंद लागते, एवढं येतं. पदराच्या टोकाला क्लिपने अडकवते. रात्री उठली की तीच, देवघराची कडी बघायला तीच, परसात जाताना तीच, आणि हात खाली सोडलेला असणार, मला बघायची गरज नाही.

काल फोन केला होता. वडिलांचा गुडघा, पाऊस, आंब्याच्या कलमांना खत घातलं का, सगळं झालं. मग म्हणाली, "ती तुझी नवीन आली का रे बॅटरी?"

"नाही अजून. दिवाळीपर्यंत येईल बहुतेक."

"ती किती मंद होते?"

मी एकदम ताठ बसलो. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी मला बरोबर प्रश्न विचारलेला नव्हता. म्हणलं, "का गं?"

"ही जरा जास्तच आहे. लावली की मांजर उठतं."